नंबर येईपर्यंत

नर्सिंग पास झाली, पण नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीचा नंबर अजून आला नाही, अशा मुलीकडे तुम्ही कधी सलाईनची बाटली घेऊन गेला आहात का?

हिंगणीत आमच्या शेजारी अशी एक आहे. बोलताना ती चेहऱ्याकडे पाहत नाही, मनगटाकडे पाहते. माझी शीर चांगली आहे, असं तिने मला दोनदा सांगितलं आहे.

परवा माझ्या काकांना कमजोरी वाटली. मेडिकलमधून बाटली घेऊन ते थेट तिच्या ओट्यावर बसले.

"नंबर नाई आला, काका. आता सुई लावली, तर येणारच नाई."

"काऊन वं, तीन वर्सं काय पांढरा ड्रेसच धुतला का?"

"तोबी धुतला. चला दवाखान्यात, मी येतो संगं."

सरकारी दवाखान्यात सिस्टरने सुई लावली. स्टँड मोडका होता. बाटली संपेपर्यंत ही मुलगी ती हातात उंच धरून उभी राहिली. बाटली धरायला नंबर लागत नाही.

काका गावभर सांगतात, पोरीला काही येत नाही.

तुमच्या गल्लीत अशी कोणी असेल, तर तिच्या ओट्यावर बाटली नेऊ नका. नंबर का अडला, हे तिला विचारू नका. कौन्सिलमध्ये तो अडवणाऱ्यांना विचारा.