चहावाल्या बाईचं पुढचं वाक्य

सुमेध गेल्याचं मला आधी जोडलेल्या हातांच्या चित्रांवरून कळलं. लातूरला दोन तासांची बॅच संपवून मोबाईल हातात घेतला, तर मुदखेडच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर ओळीने जोडलेले हात, ‘भावपूर्ण आदरांजली’, पुन्हा हात. कोण गेलं हे बघायला मला बरंच वर सरकवत जावं लागलं, आणि खरं सांगतो, सरकवताना डोक्यात एवढंच होतं की पुढच्या बॅचला दहा मिनिटं उरलीत. मग सापडलं. ‘आपला सुम्या गेला. किडनीचं होतं. दोन वर्षं डायलिसिसवर होता.’ दोन वर्षं... त्या दोन वर्षांत मी लातूरहून नांदेडला चारदा गेलो. दोन लग्नं, एक सत्कार, एक प्लॉट बघायला. सुमेधकडे गेलो नाही. त्याचे दोन फोन येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा मी मोबाईलमधला तयार मेसेज पाठवला होता, ‘बॅच चालू आहे, नंतर करतो.’ तो ‘नंतर’ काही उगवला नाही. आणि त्या दिवशीही मी पुढची बॅच घेतलीच. रसायनशास्त्र शिकवलं. एका मुलाचं समीकरण चुकलं म्हणून त्याला उभंही केलं.

मुदखेडला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पांढरी चादर, तिच्यावर सुमेधचा आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो, वंदना झाली, पंचशील झालं, मग भाषणं. कष्टाळू होता. निर्व्यसनी होता. शांत स्वभावाचा होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. शांत! मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या कार्यक्रमाला आलोय. मग ‘लातूरहून आलेले सर’ म्हणून मलाही उभं केलं, आणि माइक हातात आल्यावर मीही तेच बोललो. कष्टाळू, निर्व्यसनी, शांत. लोकांनी माना डोलावल्या. सुमेधबद्दल तासभर बोलणं झालं आणि त्या मांडवात एकदाही कोणी हसलं नाही. हा माणूस ज्या घोळक्यात उभा राहायचा तिथली माणसं पोट धरून बसायची, हे मला माहीत होतं. तो शांत कधी झाला, कशाने झाला, याचा मला तेव्हा नुसता संशय होता. नंतर खात्री झाली. हा लेख त्यासाठीच लिहितोय, मांडवात जे बोलायला हवं होतं ते इथे.

सुमेधचे वडील मुदखेड स्टेशनावर पॉइंट्समन. गाडीला रूळ बदलून द्यायचा, झेंडी दाखवायची. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या, आम्हीही त्याच चाळीत. त्याच्या मामाने एकदा सिकंदराबादहून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला आणि सोबत दोन कॅसेटी. एक मारामारीची, ती सगळ्या गावाकडे होती. दुसरी पिवळी. तिच्यात मारामारी जवळजवळ नव्हतीच. छत्री घेतलेला एक गोलमटोल पोरगा गावोगाव हिंडायचा आणि भेटेल त्याच्याशी बोलायचा. माणसं बोलायची, शेळ्या बोलायच्या, एक चिडका बुजगावणा बोलायचा, आणि सगळे जपानीत. खाली चौकटीत किडामुंगीसारखी अक्षरं धावत यायची. ज्यांच्या घरी अशी कॅसेट चुकून यायची ते ती बदलून घ्यायचे. सुमेधने बदलली नाही. तो टीव्हीपुढे मांडी घालून बसला आणि वाचायला लागला.

म्हणजे वाचायचं नाटक करायला लागला... पण नाटक हा शब्दही बरोबर नाही. तो थांबत नव्हता, अडखळत नव्हता, चौकट जेवढी लांब तेवढंच त्याचं वाक्य लांब. पोराला आईने विरजण आणायला पाठवलंय आणि तो रस्ता चुकलाय, ही त्याची गोष्ट. एवढ्या मोठ्या खेळात, डोंगर, समुद्र, सात तोंडांचा राक्षस पार करत हे पोरगं नुसतं वाटीभर विरजणासाठी हिंडत होतं. चष्मा लावलेली एक शेळी वाटेत आडवी यायची, ती सुमेधच्या मते रिटायर तलाठी होती आणि तिला सातबारा दाखवल्याशिवाय ती हलत नसे. हरली की ती मरायची नाही, चष्मा काढून खाली बसायची. ‘साहेब दमले,’ सुमेध म्हणायचा, ‘आता त्यानला पेन्शन येईपर्यंत उठवू नका.’ मी हसून हसून जमिनीवर आडवा व्हायचो. खेळ कुठवर आला हे साठवून ठेवायचं असेल तर एका टपरीवर जावं लागे. किटली घेतलेली एक बाई तिथे असायची, ती चहा द्यायची आणि आपली जागा कॅसेटमध्ये जपली जायची. त्यासाठी तीन खण होते. पहिल्यात सुमेध, दुसऱ्यात मी, तिसरा रिकामा. ही बाई सुमेधची सगळ्यांत लाडकी. तिचा आवाज तो नाकातून काढायचा. ‘आलास का रं? बस. चप्पल तिकडं काढ...’ आणि मग पुढे ती पोराला जे झापायची, ते ऐकायला चाळीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या.

एका सुट्टीत आम्ही फाटकाशी अडकलो. हिरवं फडकं हातात धरलेला एक टोपीवाला वाट अडवून उभा. काही केल्या सरकेना. सुमेधने चौकट वाचली आणि जाहीर केलं, ‘ह्यो पॉइंट्समन हाय. गाडी गेल्याबिगर सोडत न्हाई. बसून राहा.’ आम्ही बसून राहिलो. ही चूक दुसऱ्या कोणीही केली नसती, पण रेल्वेच्या चाळीत वाढलेल्या आम्हाला यात चूक काही दिसलीच नाही. गाडी यायची असेल तर फाटक बंद असणारच. दुपारभर आम्ही त्या टोपीवाल्याकडे बघत गाडीची वाट बघितली. ड्यूटीवरून आलेले सुमेधचे वडीलही येऊन टेकले, पाच मिनिटं निरखून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, ‘हातात हिरवी झेंडी हाय त्याच्या. हिरवी दाखवून गाडी अडवून राहिला म्हंजे ह्याला सस्पेंडच करायला पायजे.’ मग लाइट गेली. पुढे सुमेध कसाबसा त्याच्या खणात फाटक ओलांडून गेला, पिशवीतलं एकेक सामान त्या टोपीवाल्याला देत देत. मी राहिलो. दहावीचा निकाल लागला, मला चांगले मार्क पडले, आणि चांगल्या मार्कांच्या पोरांचं आमच्याकडे जे करतात ते माझं केलं. लातूरला नेऊन टाकलं.

लातूरने मला काय दिलं ते सगळ्यांना दिसतं, घर, गाडी, नावापुढे ‘सर’. काय घेतलं ते सांगतो. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. समोर मूल आहे, म्हातारा आहे, मित्र आहे, काही फरक पडत नाही. सुमेधने आयटीआय केलं, नांदेडला टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं, त्याला मुलगी झाली, प्रज्ञा. आमचं बोलणं वर्षाकाठी एकदोनदा. अशाच एका खेपेला, पाच वर्षांपूर्वी, मी त्याच्या घरी गेलो. प्रज्ञा तेव्हा आठ वर्षांची. बाप-लेक जुन्या डबा टीव्हीपुढे बसलेले, तीच पिवळी कॅसेट, आणि सुमेध पूर्ण आवाजात शेळीचं बोलणं वाचत होता. शीलावहिनी स्वयंपाकघरातून हसत होत्या. मला किती आनंद व्हायला हवा होता... आणि मी काय केलं, तर खिशातून मोबाईल काढला.

कारण मला माहीत झालं होतं. त्या खेळाचं कोणी हौशी लोकांनी इंग्रजी भाषांतर करून टाकलं होतं, मी ते बारकाईने वाचलं होतं. ‘अरे सुम्या, हे असं काही नाहीये,’ मी म्हणालो. ‘खरी गोष्ट वेगळीच आहे.’ आणि मी सांगत सुटलो. विरजण वगैरे काही नाही, गावातल्या सगळ्या भांड्यांची झाकणं चोरीला गेलीत, ती शोधायला पोरगा निघालाय. शेळी तलाठी नाही, ती गावची शिक्षिका आहे. फाटकावरचा तो पॉइंट्समन नाहीच, त्याला सर्दी झालीय, हातात आहे तो रुमाल, आणि त्याला मुळा हवाय. मूळ खेळही सुमेधच्याच डोक्याच्या माणसांनी केलेला, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. वाटीभर विरजण आणि भांड्यांची झाकणं यांत असा काय फरक आहे? पण मी पुराव्यानिशी बोलत होतो. प्रज्ञाने बापाकडे बघितलं. ‘बाबा, म्हंजे तुम्ही खोटं सांगत होते?’

सुमेध हसला. ‘हाव. तुझ्या बाबाला कुठं आली जपानी,’ म्हणाला आणि हातातला रिमोट हळूच खाली ठेवला. मग आम्ही जेवलो. जेवताना मी प्रज्ञाच्या शिक्षणाबद्दल सल्ले दिले, दहावीनंतर तिला माझ्याकडे लातूरला पाठव म्हणालो. निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला. ‘पद्या, रुमाल व्हय तो?’ म्हणाला. ‘आमच्या बापाला पण सांगायला पायजे होतं रं. बिचारा सस्पेंड करून राहिला होता.’ मला वाटलं, चला, त्याने खेळीमेळीने घेतलं. माणसाला आपल्या सोयीचं काहीही वाटतं.

गेल्या रविवारी नांदेडला त्याच्या घरी गेलो. पुण्यानुमोदनात वहिनींशी नीट बोलणं झालं नव्हतं. शीलावहिनींनी चहा दिला, आजारपणाचं सगळं सांगितलं, कोरड्या आवाजात, बऱ्याच जणांना सांगून झाल्यावर होतो तशा. मग मीच विचारलं, गेम खेळायचा का तो शेवटी शेवटी? ‘खेळायचे की,’ त्या म्हणाल्या. ‘डायलिसिसहून आले की तेच. पण बोलत नव्हते, भाऊजी. तुम्ही येऊन गेले ना तवापासून मुक्यानंच खेळायचे. ही लई मागं लागायची, वाचा म्हणून. म्हणायचे, काकाला इचार, त्याला खरं माहीत हाय.’ यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झेपला असता.

प्रज्ञा आता तेरा वर्षांची आहे. तिने न विचारता टीव्ही लावला, डबा जोडला. पिवळ्या कॅसेटचं झाकण स्क्रूऐवजी चिकटपट्टीने बांधलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, आतला सेल संपत आला की साठवलेलं सगळं पुसतं, म्हणून तो सेल सुमेधने दोनदा बदलला. नुसता काढला तरीही पुसतं. मग डबा चालू ठेवून, कॅसेट उघडी करून, तसाच चालू खेळात त्याने नवा सेल डाग देऊन बसवायचा. मध्ये लाइट गेली तर सगळं गेलं, म्हणून दुकानातला इन्व्हर्टर घरी आणायचा. दुसऱ्यांदा केलं ते आजारपणात, हात थरथरत होते, वहिनींनी त्याचं मनगट धरलं होतं. ‘मी म्हणलं, जाऊ द्या, नवीन खेळा पहिल्यापासून. तर म्हणले, माझं जाऊ दे गं, पद्याचं पुसंल.’

पडद्यावर तीन खण आले. पहिल्यात सुमेध, शेवटच्या राक्षसाच्या दारात. तिसऱ्यात प्रज्ञा. आणि दुसऱ्यात मी. माझा छत्रीवाला पोरगा फाटकाअलीकडच्या टपरीवर उभा, मला लातूरला नेलं त्या उन्हाळ्यात ठेवला होता तसाच, पिशवीत मुळासुद्धा. तो मुळा मी एकदाही देऊन बघितला नव्हता. सुमेधने त्याला हात लावला नव्हता. माझी जागा त्याने एवढी वर्षं हाताने धरून ठेवली, आणि मी त्याचा आवाज एका दुपारी, जेवणाआधी, बंद केला. याला दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत.

प्रज्ञाने माझा खण उघडला. चहावाली बाई किटली घेऊन समोर आली, चौकटीत अक्षरं धावली. पोरीने रिमोट माझ्या हातात दिला. ‘काका, तुम्ही वाचा.’ माझा हात सवयीने खिशाकडे गेला. ‘मोबाईल नको,’ ती म्हणाली. मी घसा खाकरला. नाकातून आवाज काढायचा प्रयत्न केला. ‘आलास का रे... बस...’

‘असं नाहीये ते, काका,’ प्रज्ञा म्हणाली. शांतपणे, चूक दाखवावी तसं. आणि तिने म्हणून दाखवलं. ‘आलास का रं? बस. चप्पल तिकडं काढ.’ हुबेहूब सुमेध. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी वाट बघत राहिलो. प्रज्ञाही थांबली, कपाळाला आठी घातली, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आणि पुन्हा तिथेच अडकली. ‘मी लहान होते ना... पुढं काय म्हणायची हो ती?’

मला आठवलं नाही. चाळीतल्या बायका दारात यायच्या ते आठवतं, मी आडवा पडून हसायचो ते आठवतं, शब्द एकही आठवत नाही. बाई खरं काय म्हणते ते मात्र मला तोंडपाठ आहे. ‘थकलास ना? पेला धर. तुझी पावलं मी जपून ठेवते.’ एवढंच आहे तिथे. ते मी पोरीला सांगितलं नाही. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो, बाई किटली धरून उभी होती, आणि पुढचं बटन मी काही दाबलं नाही.