गाव: वरीलप्रमाणे

जुनी माणसं आणि नवं सॉफ्टवेअर एका छताखाली आलं, की किस्से क्रेटसारखे थप्पीने साचतात. आमच्या पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तर आता ठेवायला जागा नाही.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. शिकवणाऱ्यांनाच येत नव्हतं, ते तोंडावर सांगितलं आणि निघालो. पॅकहाऊसचे मालक अण्णा म्हणाले, खरेदीदाराच्या तपासणीपर्यंत ठेवतो. तुझ्या नोंदी चुकल्या तर परत कॉलेजात. वडिलांनी होकार देऊनही टाकला. मला न विचारता!

काम सोपं होतं. रोज कोणत्या शेतकऱ्याचा माल आला याचं रजिस्टर वीस वर्षं लिहिणाऱ्या भास्कररावांनी आता तेच शीटमध्ये टाइप करायचं. ओळ भरली की माझी स्क्रिप्ट ऑनलाइन डेटाबेसमध्ये शेतकऱ्याची नोंद आपोआप तयार करणार.

*

दुसऱ्याच दिवशी चाळीसेक शेतकरी एकाच नव्या गावचे निघाले. गाव: वरीलप्रमाणे!

मी भास्कररावांवर भडकलो. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या मशीनला मान वर करून बघता येत नाय का?"

झक मारत स्क्रिप्टला वरची ओळ बघायला शिकवलं.

*

अण्णांना धास्ती, नेट गेलं तर नोंदीही जातील. म्हणून भास्कररावांनी डेटाबेस बघून सगळं पुन्हा रजिस्टरात उतरवायचं. याला अण्णा 'बॅकअप' म्हणतात.

*

तरी रोज एक नोंद जास्त यायची. शोधलं, तर भास्करराव पहिल्या ओळीत 'श्री' लिहून सुरुवात करत होते. गाव भरल्याशिवाय शीट पुढे सरकेना, म्हणून तिथे 'वरीलप्रमाणे'.

"अहो, पहिल्या ओळीच्या वर काय आहे?"

त्यांनी छताकडे पाहिलं. "तेच तर."

मी नोंद उडवायला गेलो, तर अण्णा आडवे आले. हंगाम चांगला चाललाय, हात लावायचा नाही म्हणे. वयाने अक्कल येते, ही अफवा कोणी पसरवली देव जाणे.

*

तपासणीला खरेदीदाराच्या मॅडम आल्या. नोंदी चाळता चाळता थांबल्या. एका शेतकऱ्याचा हंगामात एकही खाडा नाही, रोज पहिला नंबर. यांनाच भेटायचंय, म्हणाल्या.

स्क्रीनवर: श्री. गाव: वरीलप्रमाणे.

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. मला कॉलेजचं गेट दिसायला लागलं.

भास्कररावांनी टोपी नीट केली. "ते भेटत नाय कुणाला, मॅडम. पण माल सगळा त्यांचाच हाय."

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. मग तपासणीचा फॉर्म पुढे ओढला आणि सही करायच्या आधी वर, मधोमध, बारीक अक्षरात लिहिलं: श्री.