डाव्या हाताची तीन बोटे

चेंडू उजवीकडे का वळतो, हा प्रश्न माझ्यासमोर आला तेव्हा मी बेळगावच्या कॅम्पातील मुलींच्या शाळेत गणित शिकवीत होते आणि त्या नोकरीत आपण मुरून जाऊ, अशी मला भीती वाटत होती. पुण्याहून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन परतल्याला वर्ष झाले होते. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत जाण्याची माझी खटपट चालू होती. अर्जासोबत स्वतंत्रपणे केलेल्या एखाद्या अभ्यासाची टिपणे हवीत, असे तेथील प्राध्यापकांनी पत्राने कळविले होते. माझ्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, साधा तराजूही नव्हता. होते ते क्लबाच्या मागचे आमचे बिऱ्हाड आणि कुंपणापलीकडे साहेबलोकांचे गोल्फचे मैदान.

वडील त्या क्लबाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. एके दिवशी जेवताना त्यांनी सांगितले, की गोल्फवाल्या अण्णांचे काही खरे नाही.

अण्णांना सारा कॅम्प ओळखत असे. निपाणीजवळच्या खेड्यातले शेतकऱ्याचे घर; कोवळ्या वयात तंबाखूच्या वखारीत काठीने वाळली पाने झोडपण्याचे काम केले, मग कुणाच्या तरी ओळखीने कॅम्पात आले आणि साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैदानभर हिंडू लागले. पाठीमागे उभे राहून बघून बघून ते खेळ शिकले, आणि इतका शिकले की पंचवीस वर्षांनी तेच साहेबांना शिकवीत होते. क्लबाच्या दप्तरात त्यांचा हुद्दा ‘प्रोफेशनल’ असा होता. त्या हुद्द्याबरोबर राहायला दोन खोल्या होत्या.

आता गेल्या वर्षभरात त्यांचा स्वतःचाच लांब टोला बिघडला होता. चेंडू सरळ निघे आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळून झाडीत जाई. ज्याचा चेंडू झाडीत जातो त्याच्याकडून साहेबांनी काय शिकायचे? नव्याने आलेल्या सेक्रेटरीसाहेबांनी फर्मान काढले होते: महिनाभराने कमिटीसमोर दहा टोले मारून दाखवायचे. नाही जमले तर पुण्याहून दुसरा माणूस येईल. थोरल्या मुलीचे लग्न निपाणीत ठरले होते, माघात. नोकरी गेली तर खोल्या जाणार, आणि नोकरी गेलेल्या माणसाची सोयरीक कितीशी टिकते हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी पहाट फटफटताच मी मैदानावर गेले. मी मदत करू का, असे विचारताच अण्णा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले,

“मास्तरीणबाई, तुमी कवा काठी हातात धरलीसा?”

“रोज धरते. वर्गात.”

ते मोठ्याने हसले. “मग चालतंय. आमचा चेंडू बी लई द्वाड झालाय, कान धराच त्याचा.”

कान धरायचा म्हणजे आधी मोजायचे. मैदानावर दोरी ताणून मी फक्कीची सरळ रेघ ओढली, म्हणजे टोल्याची दिशा कळावी. काठीच्या तोंडाला, म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या चपट्या बाजूला, चुन्याचे बोट लावले, म्हणजे चेंडू नेमका कुठे लागतो त्याचा ठसा उमटावा. अण्णांच्या घरून त्यांच्यासाठी चहा घेऊन आलेल्या वहिनी हे पाहून थबकल्या.

“अगं बया! सक्काळी सक्काळी काठीला चुना? आता कात-सुपारी बी आनू का?”

“तू गप गं,” अण्णा म्हणाले. “शास्त्र चाललंय हितं.”

“शास्त्रानं चेंडू सरळ जातोय व्हय? जात असंल तर माझ्या सासूला बी दाखवा ह्यास्नी, ती जल्मात सरळ गेली न्हाय.”

पहिल्या आठवड्यात मी अण्णांना एक शब्दही सुचविला नाही, नुसती वही भरीत राहिले. चुन्याचा ठसा काठीच्या तोंडाच्या मधोमध उमटत होता, म्हणजे नेम चुकत नव्हता. गवत उखडल्याची खूण रेघेला धरून होती, म्हणजे काठीचा मार्गही चुकत नव्हता. मग उरले एकच. आघाताच्या क्षणी काठीचे तोंड किंचित उजवीकडे उघडे राहत होते. त्याने चेंडूला गिरकी बसत होती आणि ती गिरकी त्याला हवेत वळवीत होती. तोंड उघडे राहते, कारण मनगटे वेळेवर वळत नाहीत. मनगटे वळत नाहीत, कारण अण्णांचा उजवा हात काठीला घोरपडीसारखा चिकटलेला असतो. पकडीचा भार खरे तर डाव्या हातावर हवा, त्याच्या शेवटच्या तीन बोटांवर.

हा निष्कर्ष मी ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. एक कारण, एक परिणाम, मध्ये कुठेही फट नाही.

फट होती. पडताळा म्हणून मी अण्णांना आधी एकट्या उजव्या हाताने आणि मग एकट्या डाव्या हाताने टोला मारायला सांगितले. उजव्याने त्यांनी मारला. डाव्याची पाळी आली तेव्हा काठी खाली ठेवून त्यांनी कानावर खोचलेली बिडी काढली.

“डाव्या हातानं आमी देवाला फूल बी वाहत न्हाय, बाई. टोला कुठला मारतोय!”

मी हसले आणि वहीतली ती ओळ रिकामी सोडून पुढे गेले. वर्गात कुणा मुलीने गणिताची पायरी अशी गाळली असती तर मी तिला बाहेर काढले असते.

त्याच सकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली. अण्णा माझे बोलणे लक्ष देऊन ऐकत होते. डाव्या हातातली बिडी जळत जळत बोटांना येऊन टेकली होती आणि कातडी करपल्याचा वास आला तरी त्यांनी हात हलविला नाही. मीच ओरडले. त्यांनी बिडी टाकली, बोटे धोतराला पुसली आणि म्हणाले, “ध्यान न्हवतं.” वहिनी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “ह्यांचं असंच. खेळाचं काय बोलाय लागलं की घर पेटलं तरी कळायचं न्हाय.” मी वहीत लिहिले: एकाग्रता असामान्य.

मग दुरुस्ती सुरू झाली. “उजवा हात पाहुणा, डावा हात घरधनी,” असे मी त्यांना सांगितले आणि ते त्यांना इतके आवडले की प्रत्येक टोल्याआधी ते पुटपुटू लागले. पहिले काही दिवस वाईट गेले. नंतर चेंडू रेघेला धरून जाऊ लागला. दवाने पांढऱ्या झालेल्या गवतावरून तो सरळ, कुठेही न वाकता, लांबवर जाऊन पडे, तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत. त्यांच्या डोळ्यांत काय असे ते मला त्या वेळी फार सोपे वाटले होते.

एक खोड मात्र राहिली होती. टोल्यापूर्वी ते डाव्या हाताकडे पाहत. एकदा नव्हे, तीन-चारदा. चेंडूकडे, मग हाताकडे, पुन्हा चेंडूकडे, पुन्हा हाताकडे. त्यांच्या जुन्या खेळात ही खोड नव्हती. माझ्या मोजणीप्रमाणे दर वेळी त्यांचे डोके तसूभर हलत होते आणि त्याने उभे राहण्याचा तोल बदलत होता. वहीतील ‘अनावश्यक हालचाली’ या सदरात मी ती घातली आणि पुढे तांबड्या पेन्सिलीने लिहिले: निरर्थक, काढून टाकणे.

“अण्णा, हाताकडे बघायचे नाही. हात कुठे पळून जात नाही. नजर चेंडूवर.”

“न्हाय बघितलं तर चालतंय?”

“बघितलेत तर चालणार नाही.”

“बरं,” ते म्हणाले.

शेवटच्या दोन दिवसांत काठी त्यांच्या हातात एक-दोनदा फिरली. मी ‘घाम’ असे लिहिले आणि हाताला चोळायला चुलीतली राख दिली. नोव्हेंबरातली बेळगावची ती पहाट होती. तोंडातून वाफ निघत होती. घाम कुणालाच आलेला नव्हता.

कमिटीच्या दिवशी व्हरांड्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरीसाहेब, आणखी चार-पाच साहेब, दोन मडमा, पलटणीचे डॉक्टर. मी वडिलांबरोबर कचेरीच्या दारात उभी होते. पहिले दोन टोले सरळ गेले. एका मडमेने टाळी वाजविली. वडिलांनी माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवला. असे ते कधी करीत नसत.

तिसऱ्या टोल्याला अण्णांनी नजर चेंडूवर ठेवली. मी शिकविले तशी, एकदाही न हलविता. काठी वर गेली, खाली आली, आणि चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांच्या हातांतून सुटून गरगरत खुर्च्यांच्या पुढ्यात जाऊन आदळली. कुणाला लागली नाही. एक बशी फुटली.

लोक काठीकडे पाहत होते. मी अण्णांकडे पाहत होते. सैल ठेवलेला उजवा हात उघडा पडला होता. डावा हात मात्र खांद्यापाशी तसाच होता, बोटे अर्धी वळलेली, काठी धरल्यासारखी. काठी गेली आहे हे त्या हाताला कळलेच नव्हते.

डॉक्टर उठून आले. त्यांनी अण्णांचे कोपर दाबून पाहिले, बोटे सरळ करून पाहिली, ती पुरती सरळ होत नव्हती. मग त्यांनी अण्णांना तोंड फिरवायला सांगून आपल्या टायची पिन काढली. करंगळीला टोचून त्यांनी विचारले, “मालूम होता है?” अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी पिन लावलीच नाही, नुसते विचारले. अण्णा घाईघाईने म्हणाले, “हां साहेब, हां.”

सगळ्यांत पुढे बसलेल्या मडमेने आपली खुर्ची मागे ओढली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढचे सारे भराभर झाले. महारोग हा शब्द त्या दिवशी कुणी उच्चारला नाही आणि संध्याकाळपर्यंत तो कॅम्पातल्या प्रत्येक घरी पोहोचला. अण्णांच्या काठ्या क्लबामागे जाळण्यात आल्या. आठवड्यात खोल्या रिकाम्या झाल्या, निपाणीहून सोयरीक मोडल्याचा निरोप आला, आणि वहिनी मुलींना घेऊन माहेरी गेल्या. जाताना आमच्या दारावरून गेल्या, पण आत पाहिले नाही. अण्णांना गावाबाहेरच्या महारोग्यांच्या इस्पितळात ठेवले.

वडील मला समजावीत. रोग तू दिलेला नाहीस. आज ना उद्या तो उघडा पडणारच होता. हे खरे आहे, आणि ते मला पुरत नाही. महिनाभर तो हात रोज माझ्या डोळ्यांपुढे होता. एकट्या डाव्या हाताचा टोला, बिडी, ते पुन्हा पुन्हा पाहणे: प्रत्येक गोष्ट मी टिपली आणि प्रत्येकीला मला हवे ते नाव दिले. बोटांना काठी जाणवत नव्हती म्हणूनच उजवा हात तिला आवळून धरीत होता, आणि मी तोच सैल करायला लावला. बोटे मिटली आहेत की नाहीत हे अण्णांना फक्त डोळ्यांनी कळत होते, आणि मी ते डोळेही काढून घेतले. वेळीच एखाद्या डॉक्टराकडे गुपचूप गेलो असतो तर निदान चारचौघांत पिन टोचली गेली नसती.

अर्ज मी पाठविला. वही त्यात होती. राखेची आणि कमिटीच्या दिवसाची शेवटची दोन पाने कापून. प्रवेश मिळाल्याचे पत्र आले. निरीक्षणांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे, असे प्राध्यापकांनी त्यात लिहिले होते.

बंगळूरला निघण्याच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात गेले. अण्णा अंगणात खराट्याने पाने लोटीत होते. मला पाहून म्हणाले, “थितंच थांबा, बाई. फुडं येऊ नका.”

काही वेळ आम्ही इकडचे तिकडचे बोललो. कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शने देतात, फार दुखते, म्हणाले. दुखते तेवढे बरेच की, असेही म्हणाले. शेवटी मी विचारले,

“तुम्हाला ठाऊक होते, अण्णा?”

“थोडं थोडं. बोटं मेल्यागत झाल्यात, हे ठाव हुतं. कशानं, हे इचारायचं धाडस न्हवतं.” त्यांनी खराटा उलटा धरला. “तुमी म्हटलासा हाताकडं बघायचं न्हाय. शिकलेलं मानूस म्हनतंय, म्हंजे हाताला काय झालं नसंल, असं वाटलं बघा मला. दोन दिवस लई बरं वाटलं.”

ते पाय रोवून उभे राहिले, जणू समोर फक्कीची रेघ आहे. उजव्या हाताने त्यांनी डाव्या हाताची तीन बोटे एकेक करून खराट्याच्या दांड्याभोवती मिटली. मग मान वर करून विचारले,

“आता बघितलं तर चालतंय न्हवं, बाई?”

मी होकाराची मान हलविली. त्यांनी हाताकडे पाहिले, खूप वेळ पाहिले, आणि मग खराटा फिरविला. वाळलेली पाने उडाली आणि तिथल्या तिथेच खाली बसली.