इनासचा कुमसार

जन्मभर गावच्या बँडात मोठा ढोल बडवून इनासचे कान गेले, आणि कानांबरोबर हळू बोलणंही गेलं. त्याची कुजबुज रस्त्यापलीकडच्या घरात ऐकू जाई. म्हणून पाद्रीसमोर पापं सांगायला, कुमसाराला, तो हल्ली फिरकतच नव्हता. पण उद्या नात लिझेटचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमधला पवित्र प्रसाद ती पहिल्यांदा घेणार होती. कुमसाराशिवाय त्याला तो तिच्याबरोबर घेता येणार नव्हता, आणि पोरीनं बजावलं होतं, "शापाय, माझ्या बाजूला तूच हवास."

दुपारी बायकोनं, कोंसूनं, त्याला ओट्यावर बसवलं आणि कानाशी ओरडली, "आठव एकेक! खोटं बोललास?"

"थोडंसं."

"माझ्याशी भांडलास?"

"ते पाप तुझं, गो!"

"चोरी?"

इनासची नजर परसातल्या मिरच्यांकडे गेली. मागे एकदा शेजारणीचा, एस्प्रांसचा कोंबडा त्याची मिरचीची रोपं उकरत होता. त्यानं खडा मारला, तो वर्मी लागला. वाया कशाला घालवायचा म्हणून 'बाजारातून आणला' सांगून कोंसूकडून झणझणीत शाकुती करवून घेतली. वर एस्प्रांसबरोबर झुडपं धुंडाळून आळ मुंगसावर घातला. बिचारी अजून मुंगसाला शिव्या देत होती.

चर्चमधल्या रांगेत एस्प्रांस नेमकी त्याच्या मागे! इनासचे पाय दाराकडे वळले, पण लिझेट आठवली. तो पाद्रीच्या जाळीपाशी गुडघे टेकून पुटपुटला,

"पाद्रे, मिरचीच्या रोपांत तो कोंबडा आला ना..."

बाकांवरच्या बायका दचकल्या. एस्प्रांसनं डोळे वटारले. क्षणभरच. मग जपमाळ काढून ती ताडकन उठली आणि कौलं हलतील अशा आवाजात तिनं सुरू केलं, "नमो मरिये!" बायकांनी सूर धरला. आत पाद्रीचा आवाज चढला, तसा बाहेर एस्प्रांसचा.

इनासला बायकांचा सूर काही ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर तिच्या गळ्याच्या फुगलेल्या शिरा तेवढ्या दिसल्या. "हिला आज एवढी भक्ती कसली?" त्यानं बाकावर बसलेल्या कोंसूला हळूच विचारलं. सगळं चर्च हसलं.

पाद्रीनं सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी तो नवा कोंबडा घेऊन एस्प्रांसच्या दारी गेला. "असाच आणला," म्हणाला.

तिनं कोंबडा उलटसुलट करून पाहिला. "माझ्याचा तुरा मोठा होता." मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "मिरच्यांना कुंपण घाल, रे इनास!"

इनास कानापर्यंत लाल झाला. "घालतो, गो," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं हळू, की एस्प्रांसला पुन्हा विचारावं लागलं.