गोधड्या टांगलेली प्रयोगशाळा

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका शाळेत मी नववीला मराठी शिकवते. मुलं निबंध गाइडातून पाठ करायची. ज्यांनी कधी गाव पाहिलं नव्हतं, त्यांच्याही ‘माझे गाव’मध्ये नदी खळखळत असायची. म्हणून एका वर्षी ठरवलं, लिहिणं राहू दे, बोलूया. वर्गाचा पॉडकास्ट काढूया.

सामान म्हणजे माझा फोन. रेकॉर्डिंगला शाळेची प्रयोगशाळा मिळाली; तिथे आवाज घुमायचा, म्हणून घरच्या गोधड्या नेऊन खिडक्यांवर टांगल्या. पहिले पंधरा दिवस मुलं फोनसमोरही पाठांतरच म्हणत होती. "अरे, मित्राला सांगतोस तसं सांग ना," म्हटलं की गप्पच व्हायची.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी तोवर हजेरीपलीकडे बोलली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बाहेर थांबाल? मग बोलते."

फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून मी दाराबाहेर थांबले. तिने चार मिनिटं सांगितलं: बिल्डिंगला पाणी नसतं, टँकर आला की आई हंडे घेऊन जिना धावत उतरते, आणि एकदा रांगेत शेजारणीने आईला ढकलून पाडलं. "मी गॅलरीतून बघत होते. खाली गेलेच नाही," एवढं बोलून ती थांबली होती. घरी मी ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. इतक्या वर्षांत असं मला कुणी लिहून दिलं नव्हतं.

तिला विचारून तो भाग मी पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिच्या आईला विचारायचं मात्र सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी आई शाळेत आली. "मॅडम, ते काढा. ती बाई आमच्याच मजल्यावर राहते. आता जिन्यात कोणी बोलत नाही आमच्याशी."

मुख्याध्यापकांनी मला एवढंच विचारलं, "पोर्शन कुठवर आलाय?"

मी सगळेच भाग काढून टाकले. मधल्या सुट्टीत मुलगी आली.

"मी खोटं बोललेले का, मॅडम?"

"नाही गं."

"मग?"

मी वह्यांचा गठ्ठा उचलला. ती वर्गात निघून गेली. त्यानंतर तिने हजेरीलाही नुसता हात वर करायला सुरुवात केली.

वर्ष संपल्यावर ते कुटुंब शीळफाट्याकडे राहायला गेलं. दाखला न्यायला आई एकटीच आली. मी मुलीची चौकशी केली.

"बरी आहे," ती म्हणाली. मग दाखल्याची घडी घालत खाली बघून म्हणाली, "माझ्याशीच बोलत नाही ती."