वास्कोक नव्वदाची

गोवा राज्य झालं त्या सुमारास पेडण्याच्या बाजारात एक माणूस कॅसेटी भरून द्यायचा. माझं जिच्यावर प्रेम होतं तिचं लग्न दुसरीकडे झालं, तसा मी विरहाच्या गाण्यांची यादी घेऊन त्याच्याकडे गेलो. चष्मा कपाळावर ढकलून त्याने ती वाचली.

"चेडू खंय दिलां?"

"वास्कोक."

"म्हापशाक आसलें जाल्यार साठाची पुरता. वास्कोक नव्वदाची जाय."

मुलीचं सासर जितकं लांब, तितक्या जास्त मिनिटांची कॅसेट, असा त्याचा नियमच होता.

घरी येऊन लावली. एका बाजूला मी सांगितलेली गाणी होती. बाजू उलटली, तर पाऊण तास नुसत्या कुकरच्या शिट्ट्या! तणतणत परत गेलो. तो कापसाच्या बोळ्याने टेपचं हेड पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "रडून जाल्या उपरांत भूक लागता रे बाबा. सगळ्यांक तशीच भरतां."

आज ती गाणी रेडिओवर लागली तरी मी खुशाल पेपर वाचत बसतो. पण स्वयंपाकघरात तिसरी शिट्टी झाली की डोळे भरून येतात, आणि आतून बायको ओरडते, "वाढटां हां, रडूं नकात!"