मास्तरांची फुंक

दातांच्या डॉक्टरकडे येऊन तोंड न उघडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे निमगाव केतकीचे बँडमास्तर. खुर्चीत आडवे झालेले, वरचा दिवा थेट तोंडावर, हातात आरसा आणि चिमटा घेऊन मी उभी, आणि हा बाप्या ओठ घट्ट मिटून पडलेला. मी म्हटलं, "मास्तर, आ करा." त्यांनी एक बोट वर करून मला थांबवलं. भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून सॅक्सोफोन चालू होता. तो सूर लांबत लांबत विरून गेला, तेव्हा कुठं मास्तरांनी डोळे उघडले. म्हणाले, "झालं. आता बघा काय बघायचं ते." बाहेर बाकावर पेशंट ताटकळलेले होते. माझं डोकं चांगलंच तापलं होतं. पण काय सांगू, रागवायला म्हणून तोंड उघडलं आणि मला हसूच आलं.

आता बारामतीतल्या दातांच्या दवाखान्यात जॅझ कुठून आला, असं कुणीही विचारील. मी काही संगीतातली नव्हे. शाळेत पेटीच्या बाईंनी मला दुसऱ्याच महिन्यात चित्रकलेच्या वर्गात पाठवलं होतं. झालं असं, की ड्रिलचा आवाज ऐकूनच पेशंट अर्धमेले होतात, म्हणून माझी मदतनीस रेखा म्हणाली, ताई, गाणी लावू. भक्तिगीतं लावली तर लोक आणखीच घाबरले. सिनेमाची लावली तर एक जण खुर्चीतच पाय नाचवायला लागला. मग मी फोनवर 'शांत पियानो' असं काहीबाही शोधलं आणि त्या ॲपनं आपल्या मनानं एकेक अल्बम पुढं करायला सुरुवात केली. जुनेपाने नव्हेत, आजचे, अजून कार्यक्रम करत फिरणाऱ्या वादकांचे. नॉर्वेचा कुणी पियानोवाला, लंडनची सॅक्सोफोन वाजवणारी पोरगी, न्यूयॉर्कची खर्जात गाणारी बाई. नावं मला धड उच्चारताही येत नव्हती, पण चटक मात्र लागली. दर शुक्रवारी नवीन काय आलं ते बघायला मी अधीर व्हायची.

मास्तर आमच्याकडे आले ते दात हलतात म्हणून. पायरिया. घरचा पानमळा, आणि तोंडात चोवीस तास पान. "पान सोडा" म्हटलं की म्हणायचे, "म्याडम, मळा सोडवंल एक वेळ." वरचे पुढचे दात बोटानं हलवले तरी लुटूलुटू हलायचे. दुसरा कुणी असता तर मी ते त्याच दिवशी काढून कवळी बसवली असती. पण मास्तर बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे आणि त्या वाद्याची तोंडात धरायची चोच नेमकी त्याच दातांवर टेकते. दात गेले की फुंक गेली. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. शेवटी मी सगळ्या दातांना मागून बारीक तारेनं एकत्र बांधलं आणि बजावलं, "जोरात फुंकायचं नाही. किती दिवस निभेल ते सांगता येत नाही." ते म्हणाले, "वाजवल्याबिगर मी घरात बसून काय करू? बायकोचं तोंड बघू?" आणि मग आवाज खाली आणून, "येवढं सांभाळा माझं."

त्यानंतर तार तपासायच्या निमित्तानं ते बाजारच्या दिवशी यायला लागले. पानांची पाटी विकायची आणि नेमकं दुपारी, दवाखाना बंद असताना, दारात उभं राहायचं. तार बघायला मला दोन मिनिटं पुरायची. मग ते खुर्चीतून उठायचेच नाहीत. "आज काय आलंय नवीन?" मी दिवा मालवायची, पडदा ओढायची. उन्हाची एक पट्टी तेवढी फरशीवर पडायची. पंखा हलके फिरायचा, बाहेरचा रस्ता पेंगलेला, आणि त्या अर्धवट अंधारात कुठल्या तरी थंड मुलखातला माणूस पियानोच्या दोन पट्ट्या दाबून बराच वेळ गप्प बसायचा. त्याच्या बरोबरीनं आम्हीही गप्प. कधी कधी वाटायचं, दवाखाना, बारामती, सगळं जमिनीपासून जरासं वर उचललं गेलंय. रेखा डबा खाऊन बाकावर डुलक्या घ्यायची.

ऐकण्याच्या बाबतीत मास्तर भारी हट्टी. एकदा मला एक चीज आवडली नाही म्हणून मी पुढचं लावायला गेले, तर ते खुर्चीत ताडकन उठून बसले. "मधलं गाळायचं न्हाय, म्याडम. पंगतीत भात आधी का भाजी आधी, ते वाढणाऱ्यानं ठरवलेलं असतंय. आपण नुसतं जेवायचं." हेडफोनचाही त्यांना राग. मी दिले तर हातात धरून म्हणाले, "हे कानात घातलं की आपल्या एकट्याचं हुतंय. मग मी हितं कशाला येऊ?" आणि वाजवणाऱ्यांची नावं त्यांना घेता यायची नाहीत, म्हणून ते आपले बारसं करून मोकळे व्हायचे. एक पियानोवाला वाजवताना स्वतःच कण्हायचा, त्याचं नाव कन्हत्या. लंडनची पोरगी ती धाकली. न्यूयॉर्कची गायिका ती आक्का. "आक्कांचं नवीन आलं का?" असं त्यांनी विचारलं की संध्याकाळसाठी लवकर येऊन बाकावर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघायचे.

या आक्कांच्या एका गाण्याचा अर्थ मी हौसेनं सांगायला गेले. नदीकाठी थांबलेली बाई, न आलेला माणूस, असलं काही तरी होतं. मास्तरांनी हात जोडले. "नका सांगू. सांगितलं की मग तेवढंच उरतंय. मगाशी लई काय काय व्हतं त्यात." मी जरा फुरंगटलेच. इंग्रजी कळण्याचा एवढा एकच उपयोग, तोही या माणसानं काढून घेतला! पण पुढच्या वेळी मी अर्थाकडं कान न देता ते गाणं ऐकलं आणि माझीही नदी जरा रुंद झाली, हे कबूल करायला हवं.

त्या उन्हाळ्यात रेखाच्या भाचीचं अंथुर्ण्याला लग्न होतं. बँड मास्तरांचा, म्हणजे आता त्यांच्या पुतण्याच्या, बाळूच्या, मालकीचा. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. परण्यापुढं पोरं अशी नाचतात की मुहूर्त टळतोच टळतो. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. पत्रिकेत वेळ लिहिलेली असते, आणि तिच्यात दीड तास मिळवून सगळे आपापली कामं उरकतात. भटजीसुद्धा.

त्या दिवशी मी मांडवात बसले होते. बँड लांबून ऐकू येत होता. नेहमीचं नाचाचं गाणं सुरू झालं, आणि मध्येच सॅक्सोफोन गाण्यातून बाजूला झाला. म्हणजे थांबला नाही, एका सुरावर रेंगाळला, तिथून दुसऱ्यावर गेला, जसं कुणी दुपारच्या वेळी कालव्याच्या कडेनं उगाच चालत जावं. ताशावाल्याला काही कळेना, त्यानं हात आवरता घेतला. मला मात्र कळलं. ते काही आमच्या अल्बममधलं उचललेलं नव्हतं, ते मास्तरांचं होतं. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. कशावर नाचणार? घोडा बिचारा मोकळा रस्ता बघून चालायला लागला. आणि अंथुर्ण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच परण्या मांडवाच्या दारात मुहूर्ताच्या आधी हजर झाला!

काय सांगू तो गोंधळ! नवरीचे निम्मे केस बांधायचे राहिलेले. भटजी शेजारच्या गावात दुसरं लग्न लावत होते. नवरीचा मामा अजून आंघोळीला बसलेला. नवरदेव दारात घोड्यावर ताटकळलेला आणि ओवाळायला कुणी नाही. नवऱ्याचा बाप मास्तरांवर ओरडला, "अवो, लगीन हाय का मयत?" नवरीची आई त्याहून भडकली, "येवढ्या लवकर कुणी येतं का?" बाळूचा चेहरा उतरला होता. मी मांडवामागं जाऊन मास्तरांना गाठलं. ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते, ओठांवर थोडं रक्त. म्हणाले, "तार तुटली, म्याडम. दात लई हलाया लागलं, म्हणून हळू धरलं. मग ते हळूच बरं वाटाया लागलं. थांबवंना." मी खूप रागावले त्यांच्यावर. रागावताना माझेच डोळे भरून आले होते.

त्याच आठवड्यात वरचे सगळे दात काढावे लागले. एकही वाचवण्यासारखा राहिला नव्हता. मास्तरांनी न सांगता आ केलं. त्या दिवशी मी काहीच लावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. जखमा भरल्यावर मी जीव ओतून कवळी केली. जेवायला, बोलायला फक्कड बसली. पण सॅक्सोफोनची चोच टेकली की कवळी पुढून दबायची, मागून सुटायची, आणि फुंक गालातून निसटून जायची. मी ती घासून दिली, दोनदा नवीन केली, पुण्याच्या माझ्या सरांना फोन करून विचारलं. काही उपयोग झाला नाही. बाळूनं कीबोर्डवाला आणला आणि काकांना म्हणाला, "तुमी फेटा बांधून नुसतं पुढं चालत जावा, काका. तुमचा मान ऱ्हाईल." मास्तर एका लग्नात तसे चाललेसुद्धा. नंतर गेले नाहीत. आमच्याकडेही यायचे थांबले.

शुक्रवारी नवे अल्बम येत राहिले. धाकलीचा एक फार सुंदर आला. मी तो एकटीनं ऐकला आणि मधलं काही गाळलं नाही. पण खरं सांगते, निम्मंच ऐकू आलं. मला या माणसाची सवय झाली होती. रेखा म्हणाली, "ताई, फोन करा की." मी म्हटलं, काय सांगू फोन करून? नवीन काय आलंय ते? ज्याची फुंक गेली त्याला?

मास्तर या थंडीत गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. निमगावला दहाव्याला मी जाऊन आले. पण मला ते आठवतात ते गेल्या उन्हाळ्यातले, त्या लग्नाला वर्ष झाल्यावरचे, पळसदेवचे.

एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या पळसदेवला या. हिच्या भावाकडं हाय मी. सांच्याला या." काय काम, ते सांगेनात. रविवारी गेले. उजनी धरणाचं पाणी खूप मागं सरकलं होतं, एरवी बुडालेलं जुनं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं. काठावर जाळी वाळत घातलेली, होड्या कलंडून पडलेल्या. मास्तर एका उलट्या होडीवर बसले होते, मांडीवर सॅक्सोफोन. शेजारी काकू, म्हणजे मास्तरांची बायको, पदराचा वारा घेत उभ्या. मला बघून म्हणाल्या, "बगा आता. रोज हितं येऊन नुसतं फुसफुस करत्यात. मासंबी हसाया लागल्यात."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, तोंडात हात घातला आणि कवळी काढली. तांब्यातल्या पाण्यानं धुतली, रुमालात ठेवली आणि माझ्या हातात दिली. "धरा वाईच." मी धरली. मग त्यांनी दोन्ही ओठ हिरड्यांवर आत दुमडले आणि त्यात वाद्याची चोच नुसती ओठांनी धरली. पहिल्यांदा हवाच आली. मग हवेच्या आत कुठं तरी सूर आला. बँडचा तो भरघोस, चौकापर्यंत पोचणारा आवाज नव्हता. चार हातांवरच्या माणसाला ऐकू येईल एवढाच, जरासा कापरा, आणि फुंक आणि सूर वेगळे काढता येणार नाहीत असा. कुठल्या गाण्याचा नव्हता तो, कन्हत्याचा नव्हता, धाकलीचा नव्हता. पाण्यावरून वारा येत होता, तो थांबला की सूर ऐकू यायचा, आला की नाहीसा व्हायचा, आणि मास्तर वाऱ्यासाठी थांबत होते, पुन्हा उचलत होते. जाळं विणणारा एक कोळी हात थांबवून बसला. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात दात बसवत आले, आणि मी केलेली कवळी हातात घेऊन उभी राहिले होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

वाजवून झालं तेव्हा देवळाची सावली पाण्यापर्यंत गेली होती. काकूंचा पदराचा वारा केव्हाच थांबला होता. त्या पुढं आल्या, होडीवर नवऱ्याशेजारी बसल्या. मी काकूंना मास्तरांच्या शेजारी बसलेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"लगीन झाल्यापासनं ऐकती मी तुमचं वाजवनं," त्या म्हणाल्या. "असं कधीच न्हाय ऐकलं. आधी का न्हाय वाजवलं वो असं?"

मास्तर बोळक्या तोंडानं हसले.

"आधी दात व्हते की गं."